तिठ्यावरचा उतारा

रोहा सोडलं त्या सकाळी मी कुणालाच काही सांगितलं नाही. खोलीतल्या दोघी शिफ्टला गेल्या. मी अंगात कणकण आहे म्हणून पडून राहिले आणि त्या गेल्यावर कामाची पिशवी खांद्याला लावून स्टेशनवर गेले. ट्रंक तिथंच ठेवली. टचचा फोन बंद करून उशीखाली सरकवला. सिमकार्ड काढून कुंडलिका नदीच्या पुलावरून खाली टाकलं. तिकीट पेणचं काढलं, कारण पेणला पोह्याच्या गिरणीत बाया लागतात असं एकदा कुणीतरी बोलताना कानावर पडलं होतं. एवढ्याशा गोष्टीवर माणूस गाव बदलतो का, असं आज कुणी विचारलं तर मलाच हसू येईल. त्या दिवशी तेवढंसुद्धा पुष्कळ होतं.

मी हिंगोलीकडची. आठवी अर्धी झाली आणि शाळा सुटली, ती सुटलीच. आमच्याकडच्या दहा-बारा बाया एका ठेकेदारानं रोह्याला कंपनीत पॅकिंगला आणल्या, त्यात मी होते. शिफ्टची गाडी चालवणारा माणूस ठेकेदाराचा. खोल्या तोच बघून द्यायचा, रेशन कुठं, दवाखाना कुठं, तोच सांगायचा. तो आमच्याच भागातला. परमुलखात कुणी आपल्यासारखं 'का'च्या जागी 'कामून' म्हणून विचारलं की जीव भरून येतो. मी त्याला दादा म्हणायचे.

आल्यावर महिन्याभरात मला टायफॉईड झाला. त्यानं दवाखान्यात नेलं, नंबर लावून दोन तास बसला, मोसंबी आणली, वडिलांना फोन करून सांगितलं की काळजी करू नका, पोरगी माझ्या नजरेत आहे. माझा स्वभाव असा, की कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला तरी तो उपकार मी वर्षभर डोक्यावर वागवते. त्या मोसंब्यांचं ओझं किती झालं असेल ते तुम्हीच बघा.

मग त्यानं मला त्याचा जुना टचचा फोन दिला. चालू त्यानंच करून दिला, पासवर्डही त्यानंच ठरवला. मी कुणाशी काय बोलले ते त्याला माहीत असायचं. मला वाटायचं, हुशार माणूस आहे, अंदाजानं ओळखतो. पुढं त्यानं लग्नाचं काढलं. मी म्हटलं, "बघू दादा."

"आता दादा म्हणू नको."

माझ्या गप्प राहण्याचा त्यानं काय अर्थ लावला तो त्याला ठाऊक. तिथून पुढं मी जिथं जाईन तिथं तो असायचा. बाजारात, देवळात, नदीवर. सुट्टीच्या दिवशी मी झोपून राहिले तर फोन यायचा, आज बाहेर कामून पडली नाहीस. सहा महिने असे काढले आणि मग ती सकाळ आली, पुलावरून सिम टाकायची.

पेणला गिरणीत काम मिळालं. भाजलेल्या भाताचा वास सगळ्या कपड्यांना, केसांना. माझं काम चाळणीवर, पोह्यातला कोंडा आणि चुरा वेगळा करायचा. गिरणीतल्याच एका बाईनं राहायला जागा दाखवली, धरमतरच्या बाजूला, खाडीकाठच्या गावात. घरमालकीण साठीची, उंच, सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. टाचांच्या भेगांत मीठ बसून त्या पांढऱ्याच झालेल्या. सगळं गाव तिला काकी म्हणायचं, मीही म्हणायला लागले.

"कुठची गो तू?"

"हिंगोलीची."

"ती कुठं आली?"

"लांब आहे. अख्खा दिवस लागतो."

"अख्खा दिवस गाडीत बसून पोहे चाळाया आलीस? तुमच्याकडं पोहे नाय?"

शेजारच्या घरात तिची धाकटी जाऊ राहायची. ती दारातूनच हसली. मीही हसले. पुष्कळ दिवसांनी हसले म्हणून लक्षात आहे.

पंधरा दिवस बरे गेले. बटणाचा साधा फोन घेतला, नंबर फक्त घरी दिला, तोही कुणाला सांगू नका म्हणून बजावून. आणि सोळाव्या की सतराव्या दिवशी गिरणीतून सुटले तर समोरच्या चहाच्या टपरीवर तो. हातात कटिंग, चेहऱ्यावर आश्चर्य.

"अरे, तू इथं कशी?"

जसा काही तो नेहमी तिथंच चहा पितो. मी काय बोलले आठवत नाही. बहुतेक 'बरं आहे' म्हटलं असेन. रिक्षात बसले आणि गाव येईपर्यंत मागं बघत राहिले. तो मागं आला नाही. त्याला मागं यायची गरजच नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग दिवसाआड तो दिसायला लागला. एकदा मी डोळे दाखवायला सरकारी दवाखान्यात गेले, तर दुसऱ्या दिवशी टपरीवरून आवाज, "काल दवाखान्यात गेली होतीस. तब्येत बरी नाही का? मला सांगायचं ना." गोड आवाज. शेजारी उभ्या असलेल्या बाया म्हणाल्या, किती काळजी करतो गो तुझा माणूस. माझा माणूस नाही, हे शब्द तोंडापर्यंत आले आणि परत गेले.

त्या दिवसांतलं सगळ्यात वाईट काय, विचाराल तर त्याची भीती नाही. भीतीची सवय होते. वाईट हे, की मी बाकीच्यांवर संशय घ्यायला लागले. रोह्याच्या खोलीतल्या मैत्रिणीनं अंदाजानं सांगितलं असेल. घरून कुणीतरी बोललं असेल. गिरणीतल्या बाईनं जागा दाखवली, तिचीच काही ओळख असेल. एका दुपारी तर मनात आलं, काकीच सांगते की काय. जी बाई माझ्यासाठी ताटात माशाचा मधला तुकडा ठेवते तिच्यावर मी संशय घेतला. ती लाज अजून जात नाही.

शेवटी ठरवलं, पेणही सोडायचं. कुठं, ते ठरलं नव्हतं. पण जिथं पहिल्यांदा नीट झोप लागली होती ते घर सोडायचं जिवावर आलं होतं. सोमवारी गिरणी बंद असते. सकाळी मी पिशवी खुंटीवरून काढली आणि कपडे भरायला घेतले.

चुक चुक चुक.

काकी पडवीत तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली. "पाल चुकचुकली."

हे नवीन नव्हतं. कितीतरी दिवस मी सकाळी पिशवी उचलली की कधीमधी पाल बोलायची. काकी म्हणायची, कामावर जाताना पाल बोलते ते बरं नाय, घोटभर पानी पिऊन जा. मी पाणी पिऊन जायचे.

"कुठं चाललीस?" काकीनं कपडे बघून विचारलं.

"जाते काकी. दुसरीकडं काम बघते."

"आमचं काय चुकलं?"

मी रडायला लागले. रडत रडत सगळं सांगितलं. रोहा, मोसंबी, फोन, टपरी. ज्यांच्यावर संशय घेतला ते सोडून सगळं. काकी ऐकत राहिली. तिची जाऊ हाक न मारताच आत येऊन बसली होती. मी बोलायची थांबले तेव्हा जाऊ म्हणाली, "पाल भिंतीवर नाय. पिशवीत हाय."

आम्ही पिशवी उलटी केली. डबा, ओढणी, कंगवा, औषधाची बाटली. पाल काही पडली नाही. काकीनं पिशवी हलवली, तर पुन्हा चुकचुक, तळातून. तळाला पुठ्ठा होता आणि त्यावर अस्तर शिवलेलं. एका कोपऱ्यातली शिवण वेगळ्या दोऱ्याची होती. जावेनं विळीवर ती कापली आणि आत बोट घालून एक चकती बाहेर काढली. दहाच्या नाण्याहून थोडी मोठी, जाड, एका बाजूनं पांढरी, दुसऱ्या बाजूनं चांदीसारखी चकचकीत.

आता मी काय केलं ते सांगते, हसायचं तर हसा. मी ती चकती कपाळाला लावली. आमच्याकडं देवघरात चांदीचे टाक असतात, कुळाच्या देवाचे. पुजून पुजून काही अगदी गुळगुळीत होतात, त्यावरचा देव दिसेनासा होतो. मला वाटलं, निघताना आईनं गुपचूप टाक शिवून दिला. पोरगी लांब चालली, देव बरोबर असू दे म्हणून. माझे डोळे पुन्हा भरून आले. इतके दिवस देव पिशवीत होता आणि मी घाबरत होते.

"टाक बोलतो कधी?" काकी म्हणाली.

तेवढ्यात ती चकती माझ्या तळहातावर बोलली. मी ती टाकूनच दिली.

काकीनं काडीनं ती बाजूला सरकवली. "करनी हाय ही. पुरुषानं केलेली. म्हनून तुना कुठंच सुटका नाय. तू जाशील तिथं ती तुझ्याबरोबर, आनि तिच्यामागं तो."

आज मी विचार करते तर वाटतं, तिच्या बोलण्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"खाडीत टाकून देऊ," जाऊ म्हणाली.

"खाडीत नको. आपल्या पान्यात कशाला? तिठ्यावर ठेवायची. तिठ्यावर ठेवली की ज्याची त्याच्याकडं परत जाते. परवा अवस हाय."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू काय? परवापर्यंत थांब. नाय गेली करनी, तर जा मग."

दोन दिवस मी थांबले. चकती पडवीबाहेर उलट्या मडक्याखाली होती. अवसेला काकीनं मला कामावर जाऊ दिलं नाही. भर बाराला काळ्या फडक्यात चकती, त्यावर दोन लिंबं, मूठभर तांदूळ, नारळाची अर्धी वाटी आणि गावच्याच मिठागरातलं जाडं मीठ. माझ्यावरून तीनदा उतरून घेतलं. गावाबाहेर रस्ता फुटतो, एक फाटा हायवेकडं, एक मिठागरांकडं, एक गावात. तिथं रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्याखाली तिनं ते ठेवलं आणि मला म्हणाली, मागं बघू नको. मी बघितलं नाही. उन्हानं रस्ता इतका तापला होता की चपलेतून पाय भाजत होते. पण घरी पोचले तेव्हा मी तीन घास जास्त जेवले.

आणि खरंच, तो दिसायचा थांबला. दुसऱ्या दिवशी टपरी रिकामी, तिसऱ्या दिवशी रिकामी. बाजारात गेले, चपला घेतल्या, रमतगमत आले, कुणी नाही. गिरणीतल्या बाया विचारायला लागल्या, तुझा माणूस रुसला काय. मी काकीच्या पाया पडले. "माझ्या नको पडू," ती म्हणाली, "मिठाच्या पड."

पुढच्या सोमवारी, साधारण अकराचा सुमार. मी आणि काकी पेणहून सामान घेऊन येत होतो. रिक्षा तिठ्यावर सोडते, तिथून गावात चालत. जावेसह तीन-चार बाया मोरीजवळ घोळका करून उभ्या. जावेनं आम्हाला हातानंच थांबवलं.

मोरीजवळ मोटारसायकल लावलेली, आणि तो कठड्याखाली वाकलेला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात काठी. काठीनं गवत बाजूला करत होता.

"तिसरा दिवस हाय," जाऊ हळू आवाजात म्हणाली. "रोज येतो नि इथंच फिरतो. काल माना विचारलं, इथं घर कुठं हाय. म्हटलं, मोरीखाली."

त्याला कळेना. त्याचा फोन सांगत होता की मी पाच दिवस, चोवीस तास, तिठ्यावर बसून आहे. त्यानं फोनवर बोट दाबलं, आणि मोरीखालून आवाज आला. चुक चुक नाही, या वेळी बराच वेळ, गाणं म्हटल्यासारखा. सगळ्या बाया दोन पावलं मागं सरकल्या. उतारा बोलायला लागलेला कुणी ऐकला होता? मीही सरकले. काकी तेवढी जागची हलली नाही.

त्यानं फडकं ओढून काढलं, गाठ सोडली. लिंबं घरंगळत रस्त्यावर आली. मीठ-तांदूळ झटकून त्यानं चकती उचलली.

"ठेव ती खाली," काकी म्हणाली.

तो दचकला. त्यानं आधी काकीला बघितलं, मग मला. चेहऱ्यावरचं आश्चर्य या वेळी खरं होतं.

"कोनाची हाय ती?" काकीनं विचारलं.

"माझी आहे."

"तुझी?"

"हो, माझी. हरवली होती. तुम्हाला काय करायचंय?"

बायांमध्ये कुजबूज झाली. जाऊ मोठ्यानं म्हणाली, "ऐकलं सगळ्यांनी? तिची पिशवी, आनि आतली वस्तू याची. करनी यानंच केली."

मिठागराकडून दोघेजण सायकलींवरून येत होते, ते उतरले. एकानं मोटारसायकलची चावी काढून खिशात घातली. मारलं कुणी नाही, हात कुणी लावला नाही. नुसते उभे राहिले. तो मात्र घामाघूम झाला. मग एकदम माझ्याकडं वळून आमच्या बोलीत म्हणाला, "सांग ना यांना. मी कोण आहे ते सांग."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला दवाखान्यातला बाक आठवला. तो नंबर घेऊन बसलेला. वडिलांचा फोनवरचा आवाज, फार चांगला माणूस भेटला बघ. काकी माझ्या बाजूनं काहीच बोलली नाही. सगळीकडं बोलणारी बाई, त्या वेळी गप्प राहिली. मला त्याचा राग आला होता तेव्हा.

"हा माझा कोणी नाही," मी म्हटलं. "याला मी इथं बोलावलं नाही. याच्यामुळं मी रोहा सोडलं."

आवाज फार मोठा निघाला नाही. पण निघाला.

पोलिसांना फोन सायकलवाल्यांतल्या एकानं केला. गाडी येईपर्यंत तो मोरीवर बसून होता आणि आम्ही समोर उभ्या होतो. मध्ये एकदा त्यानं पाणी मागितलं. काकीनं आपल्या बाटलीतलं दिलं.

ठाण्यात एक बाई हवालदार होत्या, चाळिशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. काकीनं लिंबं आणि चकती गोळा करून पुन्हा बांधलेलं ते काळं फडकं टेबलावर उघडलं.

"मावशी, लिंबू घ्या आधी टेबलावरनं."

लिंबं बाजूला झाली. बाईंनी चकती रुमालानं उचलून उलटी-सुलटी बघितली. "हे लोक किल्ल्यांना लावतात. सामानाला लावतात, हरवू नये म्हणून. हे जिथं असेल ती जागा मालकाला फोनवर दिसते. मालकापासून लांब राहिलं की मधूनमधून वाजतं. तुमच्याकडं टचचा फोन असता तर त्यावरही इशारा आला असता." मग काकीकडं बघून, "मावशी, पुरावा कुणी तिठ्यावर टाकतं का?"

"टाकला म्हनून तर आला," काकी म्हणाली.

बाई हसल्या नाहीत, पण चष्मा पुसायला लागल्या.

मला त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मग लेखणी थांबवून म्हणाल्या, "तुला नको आहे हे तू त्याला स्पष्ट सांगितलं होतंस का? कायद्यात तसं आहे. बाईनं नको असल्याचं दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा मागं लागला, तर तो गुन्हा."

मी काय सांगितलं होतं? बघू दादा. सगळी केस माझ्याच तोंडानं बुडाली, असं वाटलं. मी खाली मान घातली.

"सांगितलं ना," काकी म्हणाली.

"तुम्ही नाही, तिला बोलू द्या."

"ती काय बोलंल? तिनं कंपनी सोडली. खोली सोडली. फोन उशीखाली ठेवून आली, सिम नदीत टाकला. याच्यापरीस 'नाय' अजून कसा म्हनायचा असतो, ते तुम्ही सांगा."

बाईंनी काकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "फोन त्यानं दिलेला?"

"हो. सिमसुद्धा त्यानंच आणून दिलं होतं."

"आणि पासवर्ड त्याच्याकडं. तुझे मेसेज तो वाचायचा?"

"वाचतच असेल. त्याला सगळं ठाऊक असायचं. पिशवीही शिफ्टच्या गाडीत त्याच्याच ताब्यात असायची."

त्या पुन्हा लिहायला लागल्या. लिहिता लिहिता समजावून सांगत होत्या, जसं शाळेत बाई फळ्यावर लिहिता लिहिता सांगतात. नवीन कायद्यात अठ्ठ्याहत्तरावं कलम आहे, जुन्यातही होतं, नुसता आकडा वेगळा. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, नको म्हटल्यावरही मागं लागणं, गाठायला बघणं. दुसरी, बाई फोनवर, इंटरनेटवर काय करते त्यावर पाळत ठेवणं. "ही चकती कायद्यात नावानं लिहिलेली नाही. जुन्या कायद्यात हे कलम आलं तेव्हा असल्या चकत्या नव्हत्या. पण पाठलाग पायानं केला काय आणि हिनं केला काय. तसं लिहू. आत नंबर असतो, तो कुणाच्या फोनला जोडलाय ते कंपनीकडं विचारता येतं. शिवाय चार माणसांसमोर 'माझी आहे' म्हणालाय, ते बरं झालं."

पलीकडच्या खोलीतून त्याचा आवाज येत होता. काळजी म्हणून ठेवलं होतं साहेब, एकटी पोरगी, काही बरंवाईट झालं असतं तर.

मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "बाई, एक लिहायचं राहिलं. मला टायफॉईड झाला तेव्हा त्यानं दवाखान्यात नेलं होतं."

"ते इथं लिहायचं नसतं."

"पण ते खरं आहे."

"असू दे खरं." त्यांनी चष्मा काढला. "दवाखान्यात नेलं, चांगलं केलं. त्यानं जन्मभर तुझ्या मागं फिरायचा परवाना मिळत नाही. तू त्याचे आभार मानलेस का तेव्हा?"

"मानले."

"मग संपलं ते."

एवढी मोठी झाले तरी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आभार मानले की संपतं. मला वाटायचं ते फेडायचं असतं, आणि किती फेडायचं ते समोरचा ठरवतो.

बाईंनी तक्रार वाचून दाखवली. मग म्हणाल्या, आता तू वाच, सही करण्याआधी. मी म्हटलं, आठवी अर्धी झालीय माझी. तर म्हणाल्या, मग अर्धी वाच, उरलेली मी पुन्हा वाचते. मी सगळी वाचली. वेळ लागला. कुणी घाई केली नाही. तक्रारीची प्रत फुकट मिळते, तीही हातात दिली, घडी घालून.

त्याला जामीन मिळाला. ऐकलं तशी मी ठाण्यात गेले. बाई म्हणाल्या, पहिल्या वेळेला या कलमात जामीन मिळतोच, तो हक्क आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर तसं नाही, शिक्षाही जास्त. "त्याला हे मी स्वतः नीट समजावून सांगितलंय. नुसता टपरीवर दिसला तरी ये. चूक झाली, गैरसमज झाला, असं मनाशी करत बसू नको. ये." नंतरचा महिनाभर मी टपरीकडं आधी बघायचे, मग गेटबाहेर पाय टाकायचे. तो आला नाही. ठेकेदारानं त्याला कामावरून काढलं, तो गावाकडं गेला असं कळलं. केस अजून चालू आहे. तारीख असली की मी जाते, आणि बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन येते. त्याचं मला काही वाटत नाही.

वडिलांना सांगायला मी आठ दिवस घेतले. ते म्हणाले, "तो तर म्हणायचा, नजरेत आहे."

"तेच तर सांगतेय बाबा."

"मला वाटलं, चांगलं म्हणतोय."

"मलाही तसंच वाटायचं."

मग त्यांनी विचारलं, परत येतेस का. मी म्हटलं, नाही, इथं बरं आहे. तेही बरं म्हणाले.

या दिवाळीनंतर ट्रंक आणायला रोह्याला गेले. जुन्या मैत्रिणीनं ती जपून ठेवली होती, वर चादर घालून. तिच्यावर मी संशय घेतला होता, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, माझा नंबर तुझ्याकडं होता तर फोन का नाही केलास. मी म्हटलं, उशीखालच्या त्या फोनमध्येच होता. दोघी हसलो. तिनं भाकरी आणि पिठलं करून घातलं.

दुपारच्या गाडीला वेळ होता, म्हणून ट्रंक स्टेशनजवळच्या दुकानात ठेवली आणि नदीवर जाऊन बसले. काठावर बाया कपडे धूत होत्या. मी काहीच केलं नाही. पाण्याकडं बघत होते. मधेच लक्षात आलं, या घडीला मी कुठं आहे ते जगात कुणालाच माहीत नाही. आईला नाही, काकीला नाही, पोलिसांना नाही. आधी जरा धस्स झालं. मग अंग सैल पडत गेलं, ताप उतरताना पडतं तसं. त्या नादात गाडी गेली. मी उठून एसटी स्टँडवर गेले, ट्रंक डोक्यावर घेऊन, आणि पेणची गाडी मिळेपर्यंत तासभर उभी राहिले.

गावात पोचले तेव्हा काकी पडवीत होती. तिनं ट्रंक उतरवायला हात लावला.

"गाडी तर कवाची गेली. कुठं व्हतीस?"

"अशीच."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता विचारेल, कुठं, कुणाबरोबर, एवढा वेळ काय करत होतीस. सांगायलाही माझी हरकत नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "हातपाय धू. भात निवतोय."